हलू नकोस, पुढे ऐक

प्रसूतीच्या वॉर्डात मावश्या पुष्कळ होत्या, पण पाठमावशी एकच. इतर कोणी रजेवर गेलं तर दुसरीवर काम भागत असे. पाठमावशी रजेवर गेली की भूल देणाऱ्या डॉक्टरबाई सकाळपासून कपाळाला आठ्या घालून फिरत आणि दर तासाला विचारत, "उद्या येणार ना पण?"

तिचं काम सांगायला अगदी सोपं होतं. कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून ज्या बाईला पाठीतलं इंजेक्शन हवं असेल, तिला पलंगाच्या कडेला बसवायचं, पायांखाली स्टूल सरकवायचं, पोटाशी उशी द्यायची आणि समोर उभं राहून तिचे दोन्ही खांदे धरायचे. "पाठ बाहेर काढ. चिडलेलं मांजर काढतं ना, तशी. शाबास." मागच्या बाजूने डॉक्टरबाई दोन मणक्यांमधली जागा बोटाने चाचपत आणि सुई आत घालत. सुईने जाऊन थांबायचं ती जागा तांदळाच्या दाण्याएवढी. तिच्या पलीकडे मज्जारज्जूभोवतीची पाण्याने भरलेली पातळ पिशवी, आणि त्या पिशवीला सुई लागता कामा नये. सुई नीट थांबली की तिच्यातून दोऱ्यासारखी बारीक नळी आत सोडायची, नळी पाठीवर चिकटपट्टीने पक्की करायची, सुई काढून घ्यायची. मग नळीतून औषध सुरू, आणि पंधरा-वीस मिनिटांत कळा येणारी बाई माणसांत येते.

पण कळा येणाऱ्या बाईला हलू नकोस म्हणणं म्हणजे उतू जाणाऱ्या दुधाला जरा थांब म्हणण्यासारखं. बाकीच्यांच्या हातात बाया हलत. पाठमावशीच्या हातात हलत नसत, आणि त्याचं कारण तिचे हात नव्हतेच. कारण होती तिची गोष्ट.

गोष्ट एकच. बावीस वर्षं तीच. डॉक्टरबाई हातमोजे चढवू लागल्या की ती सुरू होई.

"एक होता बुटांचा दुकानदार. महासंशयी. चोरी होऊ नये म्हणून दुकानाबाहेरच्या फळीवर फक्त डावे बूट मांडायचा. उजवे आत, कुलपात. म्हणायचा, एकेकटा बूट नेऊन कोण काय करणार? तरी दर सोमवारी एक डावा बूट गायब. डोकं खाजवून खाजवून त्याला टक्कल पडायची पाळी आली. शेवटी एका सोमवारी तो दाराआड दबा धरून बसला. चोर आला. बूट उचलला. दुकानदाराने झडप घालून त्याची मानगूट पकडली, आणि सहज त्याच्या पायांकडे बघितलं. तर…"

इथे पाठमावशी गप्प होई.

आता समोरची बाई कितीही घाबरलेली असो, तिला जाणून घ्यायचंच असतं की दुकानदाराने काय बघितलं. ती श्वास रोखून मावशीच्या तोंडाकडे बघत राही. त्या एका स्तब्धतेत सुई जाऊन थांबे आणि नळीही आत सरके. पट्टी लागली, डॉक्टरबाई "झालं" म्हणाल्या, की मगच पाठमावशी पुढचं बोले, "तर चोराच्या पायात नवा कोरा जोड. डावा अन् उजवा, दोन्ही. दुकानदार म्हणाला, अरे, उजवा कुठून आणलास? चोर म्हणाला, समोरच्या दुकानातून. ते उजवे बाहेर मांडतात." आणि मग हसायला सगळ्यांना मुभा होती.

वॉर्डाच्या मुख्य सिस्टरने एकदा जुन्या वह्या चाळून अंदाज काढला, तो तीन हजार पाठींच्या वर गेला. "तीन हजार बायकांना एकच विनोद सांगून तू नोकरी टिकवलीस," सिस्टर म्हणाली. "बाई दर वेळी नवी असते ना," पाठमावशी म्हणाली.

सगळी मेख तिथेच होती.

घरी ती, मुलगा आणि सून अशी तिघं. मुलगा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून बसवायचा. दिवसभर मिलिमीटरचा विचार करून त्याचं बोलणंही मिलिमीटरमध्ये मोजण्याइतकंच उरलं होतं. सून लोकांना मोटार चालवायला शिकवायची. शिकाऊ माणसाने ब्रेकऐवजी भलतंच पेडल दाबलं तरी ती आधी हसायची आणि मग स्वतःच्या बाजूचा ब्रेक दाबायची. तिचं हसू म्हणजे साधं खुदकन नव्हे. खांदे, पोट, मान, सगळ्यांना त्यात काम असायचं. चार वर्षांत तिने बुटांची गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की जेवताना मीठ मागावं तशी ती मागायची. मग एरवी मुका असलेला मुलगा दोन्ही हातांत दोन चपला घेऊन चोराचा असा काही चेहरा करायचा, की सून पाणी पिताना त्याच्याकडे बघायचीच नाही, ठसका लागायचा.

सुनेचे दिवस भरले आणि एका मंगळवारी सकाळी ती त्याच वॉर्डात दाखल झाली. तिची आई, म्हणजे विहीणबाई, आधीच येऊन बसल्या होत्या. त्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. बोलणंही उत्तरपत्रिका तपासल्यासारखं.

"पाठीत सुई कशाला?" त्या म्हणाल्या. "आम्हाला काय मुलं झाली नाहीत?"

"झाली ना," सून दोन कळांच्या मधे म्हणाली. "आणि अजून दर वाढदिवसाला ऐकवतेस किती दुखलं ते."

मुख्य सिस्टरने पाठमावशीला बाजूला घेतलं. "आपल्या माणसाची पाठ आपण धरायची नाही. हा नियम तुला मी सांगायला हवा?"

"तीन हजार परक्या पाठी मी धरल्या, आणि घरच्या पाठीला परकीचा हात?"

"नियम आहे."

"नियम नवख्यांसाठी असतात गं."

सिस्टरने सुस्कारा सोडला. पाठमावशीशी वाद घालून कोणी जिंकल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं.

सव्वाअकराला सून पलंगाच्या कडेला बसली. पाय स्टुलावर, उशी पोटाशी, सासूचे हात खांद्यांवर. डॉक्टरबाईंनी हातमोजे चढवले. आणि बावीस वर्षांच्या सवयीने पाठमावशीच्या तोंडून निघालं, "एक होता बुटांचा दुकानदार."

दुसरं काही सांगायला हवं हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही. गोष्ट म्हणजे तिचं अवजार. सुतार घरच्या दारासाठी वेगळी करवत आणतो का?

"…दुकानदाराने झडप घालून त्याची मानगूट पकडली, आणि सहज त्याच्या पायांकडे बघितलं. तर…"

ती थांबली. परकी बाई इथे श्वास रोखते. सुनेला शेवट पाठ होता. त्या रिकाम्या जागेत तिला नवऱ्याचा चेहरा दिसला, दोन चपलांसकट. तिने ओठ चावले, उशीत बोटं रुतवली, आणि मग ते हसू आलंच. खांदे, पोट, मान, सगळं घेऊन.

"थांबा," डॉक्टरबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण बावीस वर्षांत त्या जागी पाठमावशीने हा शब्द फार थोड्या वेळा ऐकला होता. सुईतून पाण्याचे स्वच्छ थेंब पडत होते. पिशवीला सुई लागली होती.

डॉक्टरबाईंनी सुई काढली, एक मणका सोडून वरच्या जागी पुन्हा घातली आणि नळी बसवली. या खेपेला गोष्ट नव्हती; सुनेने स्वतःच दात आवळून धरले. औषध लागू पडलं आणि पाच वाजायला दहा मिनिटं असताना मुलगी झाली. तिने जगात आल्या आल्या असा सूर लावला की विहीणबाई म्हणाल्या, "ही कोणावर गेलीय ते सांगायची गरज नाही."

संध्याकाळी डॉक्टरबाई पलंगाशी आल्या आणि काही न लपवता सगळं समजावून सांगितलं. "पिशवीला बारीक छिद्र पडलंय. त्यातून पाणी झिरपतं. उद्या-परवा बसलात की डोकं दुखेल बहुतेक. दुखलं तर सोसत बसायचं नाही, मला कळवायचं."

बुधवारी दुपारी डोकं दुखू लागलं. उठून बसलं की मानेपासून कपाळापर्यंत कोणीतरी पट्टा आवळायचं आणि खिडकीतला उजेड डोळ्यांत टोचायचा. आडवं झालं की दोन मिनिटांत पट्टा सैल. सून आडवी झाली आणि आडवीच राहिली. कुशीवर वळून दूध पाजायची, मान वळवून कपातली कॉफी नळीने प्यायची. या डोकेदुखीला कॉफीने थोडा उतार पडतो, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. लेकीला आयुष्यभर कॉफीबद्दल बोलणी घालणाऱ्या विहीणबाईंवर आता थर्मास घेऊन जिने चढायची वेळ आली.

"मी म्हटलं होतं," त्या दर जिन्याला म्हणायच्या.

मुलगा बाळाला दोन्ही हातांवर धरून बायकोच्या तोंडावर वाकायचा.

"मी अजून माझ्या मुलीला सरळ पाहिलेलंच नाही," सून म्हणाली. "तिला वाटत असेल, आई म्हणजे छताकडे बघणारं काहीतरी. मला एकदा खिडकीत बसून तिला मांडीवर घ्यायचंय. एवढंच. पाच मिनिटं."

ते "एवढंच" पाठमावशीच्या काळजात रुतून बसलं. गुरुवारी सकाळी ती सिस्टरपुढे उभी राहिली. "मला चादरींवर टाका. पाठ धरणं बंद."

"किती दिवस?"

"बंद म्हणजे बंद."

कपड्यांच्या खोलीत ती चादरींच्या घड्या घालत बसली. घड्या इतक्या काटेकोर, की सिस्टरलाच काळजी वाटू लागली. दुपारी डॉक्टरबाई तिथे आल्या आणि उशांच्या गठ्ठ्यावर बसल्या.

"मावशी, शंभरात एकीला हे होतंच. दगडासारखी बसली तरी होतं. हसण्यामुळे झालं की माझ्या हातून, हे मलाही छातीठोक सांगता येणार नाही."

"मला येतं."

"बरं, तुमचं खरं. आता ऐका. डोकं कॉफीने हटत नाहीये. उद्या दहा वाजता तिच्या दंडातून थोडं रक्त काढून पाठीत त्याच जागी सोडू. ते तिथे गोठतं आणि छिद्र बुजतं. बहुतेकींना एकाच वेळी गुण येतो, कधी दोनदा करावं लागतं. पण मला पाठ स्थिर हवी. आणि तुमच्या सुनेची अट आहे, पाठ तुम्हीच धरायची."

"तिला सांगा, सासूला चादरी आहेत."

"तुम्हीच सांगा. मला तिची भीती वाटते."

पाठमावशी सुनेच्या पलंगाशी गेली. सून डोळे मिटून सरळ पडली होती.

"आई, आलात? चादरींना विचारून आलात ना?"

"थट्टा नको. दुसरी एक चांगली मावशी आहे. हात घट्ट आहेत तिचे."

"मला हात नकोत. मला पाठीत सुई जाताना दुसरीकडे कुठेतरी असायचंय. मंगळवारी दुसऱ्यांदा टोचलं तेव्हा तुम्ही गप्प होतात. तेव्हा मला खरी भीती वाटली. पहिल्या वेळी नव्हती वाटली."

पाठमावशी तिची उशी नीट करू लागली.

"फक्त गोष्ट दुसरी आणा," सून म्हणाली. "शेवट मला माहीत नसलेली."

"माझ्याकडे दुसरी आहेच कुठे?"

"बावन्न वर्षं जगलात. असेल की एखादी."

घरी जाताना पाठमावशीने आठवून आठवून पाहिलं. मुलाच्या लहानपणीच्या सगळ्या गोष्टी सुनेला ठाऊक होत्या. नवऱ्याने लग्नात उलटा सदरा घातला होता ती ठाऊक होती. शेजारणीच्या पोपटाची ठाऊक होती. घरात एकही न उघडलेली गोष्ट शिल्लक नव्हती. एक होती, पण ती तिने मुलालाही कधी सांगितली नव्हती.

शुक्रवारी दहा वाजता सून कुशीवर निजली, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी. पाठमावशी समोर ठेंगण्या स्टुलावर बसली; एक हात सुनेच्या मानेमागे, एक गुडघ्यांमागे, तोंड तिच्या तोंडासमोर. मागे डॉक्टरबाई. दुसरे एक डॉक्टर दंड पुसून रक्त काढायच्या तयारीत.

"एक होती फरशी पुसणारी," पाठमावशी म्हणाली.

सुनेने डोळे उघडले. ही सुरुवात नवी होती.

"याच वॉर्डात. नवरा नुकताच गेलेला, पदरात पोरगा. पहिलाच आठवडा. एक दिवस खांदे धरणारी मावशी आली नव्हती. भुलीच्या डॉक्टर अगदी नव्या, कोऱ्या. त्यांनी दारातून हाक मारली, अहो बाई, फडकं ठेवा, हात धुवा आणि हिला धरा. फरशीवाली म्हणाली, धरते. पण एक गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती."

"कुठली?"

"हलू नकोस, पुढे ऐक. तिला सुईची भीती होती. साधीसुधी नव्हे. मुलाला लस टोचताना शेजारीण त्याला धरायची आणि ही गल्लीत उभी राहायची."

"जागा मिळाली," मागून डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता रक्त."

आणि तेव्हा पाठमावशीने सवय नसताना मान वर केली. मास्कच्या वर डॉक्टरबाईंचे डोळे दिसले. डोळ्यांच्या कोपऱ्यांत सुरकुत्या जमू लागल्या होत्या. या खोलीत एका माणसाला शेवट ठाऊक होता, आणि या खेपेला सुई त्याच माणसाच्या हातात होती.

तिने पटकन मान खाली घातली.

"पुढे?" सून म्हणाली.

"सांगा, मावशी," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "मी ऐकत नाहीये. मी काम करतेय."

"तर फरशीवालीने त्या बाईचे खांदे धरले. बाई बिचारी कळांनी अर्धमेली. फरशीवालीला वाटलं, इकडेतिकडे बघावं, भिंतीकडे बघावं, छताकडे बघावं. पण डोळे मेले कोणाचं ऐकतात? तिने त्या बाईच्या खांद्यावरून वाकून सुईकडे बघितलं. एवढी लांब. आणि मग…"

ती थांबली. सून श्वास रोखून बघत राहिली. दंडातून निघालेलं रक्त थोडं थोडं करून पाठीत जात होतं.

"पाठीत भरल्यासारखं वाटतंय," सून ओठ न हलवता म्हणाली.

"तसंच वाटायला हवं. आणखी थोडं. झालं." डॉक्टरबाईंनी सुई काढली, पट्टी लावली, ट्रे बाजूच्या टेबलावर नीट ठेवला, हातमोजे काढले, आणि मग भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"आणि मग काय?" सून म्हणाली.

"मग फरशीवालीचे गुडघे गेले," पाठमावशी म्हणाली. "ती त्या बाईच्या गळ्यात. आणि त्या बाईने ऐन कळेत तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं, आणि स्वतः तसूभर हलली नाही. आपण हललो तर ही पडेल, म्हणून."

"आणि मी म्हटलं," डॉक्टरबाई डोळे पुसत म्हणाल्या, "दोघींपैकी कोणीही हलू नका. माझी तिसरीच केस होती ती. इतकी स्थिर पाठ मला पुन्हा मिळालेली नाही."

"तेव्हापासून मी सुई बघितलेली नाही," पाठमावशी म्हणाली. "गोष्ट मी बायांसाठी सांगत नाही गं. मी मागे बघू नये म्हणून सांगते."

सुनेचे खांदे थरथरू लागले.

"आता दोन तास सपाट पडायचं," डॉक्टरबाईंनी बजावलं. "वाकायचं नाही, जोर करायचा नाही, आणि तुमच्या पद्धतीने तर अजिबात हसायचं नाही."

ते दोन तास सुनेला बाळंतपणापेक्षा कठीण गेले. नवरा खोलीत आला की ती तोंड फिरवायची.

साडेबाराला विहीणबाईंनी घड्याळ बघून "वेळ झाली" म्हटलं. मुलाने पलंगाची कळ फिरवली. पाठ हळूहळू वर आली. सून बसली. सगळे तिच्या कपाळाकडे बघत होते, जणू तिथे निकाल लिहून येणार होता.

"मान थोडी जड आहे," ती म्हणाली. थांबली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आरशात बघून गाडी मागे घ्यावी तसं. "बाकी डोकं आहे की नाही तेच कळत नाहीये."

ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. मुलाने बाळाला तिच्या मांडीवर ठेवलं. तिने मुलीकडे वरून बघितलं, मुलीने खालून.

"हिला भुवया आहेत," सून म्हणाली. "खालून दिसत नव्हत्या."

विहीणबाईंनी थर्मास उघडला, लेकीसमोर धरला, मग काय वाटलं कोण जाणे, पहिला कप पाठमावशीला दिला. "घ्या. तुम्ही पांढऱ्या पडल्या आहात. सुई बघितलीत की काय?"

तेवढ्यात दारात सिस्टर आली. "तीन नंबरची बसलीय पलंगावर. डॉक्टर हात धुताहेत."

"मी चादरींवर आहे," पाठमावशी म्हणाली.

सिस्टरने सुनेकडे बघितलं. सून मुलीच्या भुवयांवरून बोट फिरवत होती, मान वर न करता म्हणाली, "आई, जा. मात्र पुढच्या वेळेसाठी एक गोष्ट घरी न सांगता राखून ठेवा."

"पुढच्या वेळेचं नाव काढू नकोस आज."

"जा हो," विहीणबाई उठत म्हणाल्या. "चादरींच्या घड्या मी घालते. काटकोन मला जमतात."

तीन नंबरची बाई कोवळी होती, पहिलटकरीण, भीतीने डोळे विस्फारलेली. पाठमावशीने तिच्या पायांखाली स्टूल सरकवलं, पोटाशी उशी दिली, खांदे धरले.

"मावशी," ती बाई म्हणाली, "तुम्ही रोज हे सगळं बघता कसं?"

"कोण बघतंय?" पाठमावशी म्हणाली. "मी डोळे मागे जाऊच देत नाही. तूही देऊ नकोस. पाठ बाहेर काढ, शाबास. हं, तर एक होता बुटांचा दुकानदार."